ऐकून काढलेला नकाशा

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत, ते साचतात. गटारीत गाळ साचतो तसे, असं मी म्हटलं की सलीमभाईंना राग येतो. पण आमच्या टोळक्याचे किस्से बहुतेक त्याच रंगाचे आहेत, त्याला मी काय करू? दर चार बीकनांमागे एक पदरात पडतोच.

आधी बीकन म्हणजे काय ते सांगतो. लढाऊ विमानांचे कॉम्प्युटर गेम असतात. त्यात जमिनीवर ठिकठिकाणी रेडिओ बीकन असतात. फ्रिक्वेन्सी लावली की कॉकपिटमधला काटा बीकनकडे वळतो आणि कानात दोन अक्षरं मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या सांकेतिक लिपीत, वाजत राहतात. आखूड, लांब, आखूड. अक्षरं जुळली तर वाट बरोबर, नाही जुळली तर डोंगरात. गेमवाले याची धड यादी देत नाहीत. ती आम्ही करतो, नकाशा काढतो आणि जगाला फुकट वाटतो. जगाला म्हणजे शे-दोनशे माणसांना.

आम्ही तिघं. मी जळगावात फ्लेक्स छापतो, त्यामुळे नकाशाची मांडणी माझ्याकडे. सलीमभाई फैजपूरला मोटारी रिवाइंड करतात, गेममध्ये विमान उडवत बीकन शोधणं त्यांच्याकडे. आणि धुळ्याचे आबा, तार ऑफिसातून रिटायर झालेले. ऐकणं त्यांच्याकडे.

*

आबा आमच्यात आले ते भावाच्या मयताचा बॅनर करायला. 'भावपूर्ण श्रद्धांजली'चं प्रूफ बघत होते. शेजारच्या कॉम्प्युटरवर माझं बीकन वाजत होतं आणि मी कागदावर 'के' लिहिलं.

आबा प्रूफवरची नजर न हलवता म्हणाले, "के नाही, आर आहे. आणि इथं 'कैलासवासी'ला वेलांटी चुकली."

दोन्ही चुका खऱ्या होत्या. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. बॅनर राहिला बाजूला, ते सतरा बीकनं ऐकून गेले. जाताना म्हणाले की उभ्या नोकरीत तारेवर बहुतेक मरणाच्याच बातम्या घेतल्या, कुणी मेलं नाही अशी मोर्स आज पहिल्यांदाच ऐकली. खाली रिक्षात भावाचा फोटो धरून पुतण्या तासभर ताटकळत होता.

*

सलीमभाई एकदा नकाशाची मोठी प्रिंट गुंडाळून एसटीनं फैजपूरला निघाले. वाटेत उलगडून बघायची दुर्बुद्धी झाली. परदेशातली विमानतळं, लाल गोल, शेजारी फ्रिक्वेन्सी. मागच्या सीटवरच्या देशभक्तानं फोन लावला.

पोलीस ठाण्यात त्यांना चार तास बसवून ठेवलं. हा गेम आहे, हे त्यांनी किती वेळा सांगितलं असेल कुणास ठाऊक. मग मी पोचलो. तोच नकाशा, तीच फ्रिक्वेन्सी, तेच उत्तर. साहेबांनी माझं आडनाव विचारलं, हसले, मुलाला कोणता गेम घ्यावा ते विचारलं आणि दहा मिनिटांत आम्हाला सोडलं.

बाहेर आल्यावर सलीमभाई म्हणाले, "भाऊ, तुमच्या नावाला रेंज चांगली येते."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्या दिवसापासून प्रिंट मी स्वतः पोचवतो.

*

आमच्या नकाशात एक असा देश आहे, जिथं आता खरोखरच लढाई चालू आहे. तिथल्या एका माणसानं लिहिलं, तुमच्या यादीतलं अमुक बीकन आमच्या गावाबाहेर होतं. आता मनोरा नाही आणि गावही नाही.

रविवारी दुपारी आम्ही तिघं फोनवर बसलो. काढायचं की ठेवायचं? सलीमभाई म्हणत होते, काढा, त्याला बघवत नसेल. मलाही तसंच वाटलं. आबांनी एकच विचारलं, गेममध्ये ते वाजतं की नाही? वाजत होतं. मग राहील, म्हणाले. वाजतं ते नकाशात, हा आमचा नियमच होता.

त्या माणसाला तसं कळवलं. चार दिवसांनी उत्तर आलं. तो रोज गेममध्ये ते बीकन लावून गावावरून एक चक्कर मारतो, काढू नका.

*

मग आबांच्या यादीत चुका यायला लागल्या. आधी एखाददुसरी, नंतर पानात सहा-सात. लोकांच्या तक्रारी आल्या. एक जण तर आमच्या नकाशावर भरवसा ठेवून गेममध्ये तीनदा डोंगरावर आपटला होता आणि त्यानं आमच्या तिघांच्या आयांची आठवण काढली होती.

सलीमभाई धुळ्याला जाऊन आले. दारात उभं राहून पंधरा मिनिटं बेल वाजवली, आतला टीव्ही रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू येत होता. आबांचे कान गेले होते.

हे त्यांना सांगणार कोण? घरी त्यांच्या बायकोला, अक्कांना, लकवा होऊन दीड वर्ष झालेलं. वाचा गेलेली, उजवी बाजू गेलेली, डावा हात तेवढा हालायचा. मूल-बाळ नाही. ज्या घरात कुणी बोलत नाही, तिथं या माणसाला दिवसभरात हे एवढंच काम होतं. तेही आम्ही काढून घेतलं तर तो करणार काय? म्हणून आम्ही गुपचूप प्रत्येक बीकन पुन्हा ऐकायचो, चुका सुधारायचो आणि नकाशाखाली 'श्रवण : आबा' असंच छापायचो. आपण केवढे थोर, असं मला तेव्हा वाटायचं. आज लाज वाटते.

*

तीन-चार महिन्यांनी एकाएकी चुका थांबल्या. पानंच्या पानं बिनचूक. आबांनी कानाचं मशीन बसवलं असणार, असं मी म्हणालो. सलीमभाईंना वाटलं, हट्टी म्हातारा आहे, बसवलं तरी सांगायचा नाही. आम्ही तपासणं बंद केलं.

आणि नेमकी तेव्हाच एक चूक निसटली. एका बीकनसमोर आबांनी नुसती एक लांबलचक रेघ काढून पाठवली होती. मोर्समध्ये एक रेघ म्हणजे 'टी', म्हणून मी 'टी' छापलं. आठवड्यात बोंब झाली, तिथं भलतीच दोन अक्षरं वाजत होती. आबांना व्हॉट्सअपवर विचारलं.

त्यांचं उत्तर आलं, "चूक झाली. मध्येच डोळा लागला."

झोपेत माणूस रेघ कशी काढतो, यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो. सलीमभाई तर पुढं कितीतरी दिवस चहा पिताना मध्येच रेघ ओढल्याचं नाटक करायचे.

*

या पावसाळ्यानंतर अक्का गेल्या. पहाटे गेल्या, मी नऊपर्यंत धुळ्यात पोचलो. सलीमभाई आधीच आले होते आणि अंगणात तिरडीचे बांबू धरायला लागले होते. आत बायका बसल्या होत्या, पण रडणं नव्हतं. सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या. अक्कांच्या उशाशी कापडाखाली काहीतरी वाजत होतं. लांब, आखूड, थांबून पुन्हा.

अक्कांच्या थोरल्या जाऊबाई शिंदखेड्याहून आल्या होत्या. त्यांनी मला हाताला धरून बाजूला घेतलं.

"भाऊ, मशीन ते चालूच शे. मंग ती कशी काय गई?"

तो आवाज हृदयाच्या मशीनचा समजून डॉक्टरला दुसऱ्यांदा बोलावून आणलं होतं. पुतण्यानं तीनदा नाडी बघितली होती. तोंडात गंगाजल घालायला कुणी धजत नव्हतं. आबा पायाशी बसले होते, त्यांना यातलं काही ऐकूच येत नव्हतं.

मी कापड उचललं. खाली कॉम्प्युटरचा स्पीकर होता. लांब वायर टेबलापर्यंत गेली होती, स्क्रीनवर विमान तसंच घिरट्या घालत होतं. मी स्पीकर बंद करायला हात पुढं केला आणि आबांनी मनगट पकडलं.

"कोनतं वाजी राहिनं?"

त्यांनी असं विचारलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "एन आणि के!" बायका दचकल्या. आबांनी मान हलवली. ऐकू गेलं नव्हतं.

त्यांनी माझा हात ओढून आपल्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "तोंडानं नको. ती डाव्या हातानं अशी दाबे. आखूड तं आखूड, लांब तं लांब."

त्या रेघेच्या वेळी डोळा कुणाचा लागला होता, ते मला आता कळलं. मी दाबलं. लांब, आखूड. लांब, आखूड, लांब. त्यांनी दोनदा दाबून घेतलं. मग अक्कांच्या उशीखालून यादी काढली, खिशातल्या पेन्सिलीनं त्या बीकनसमोर दोन अक्षरं लिहिली. बाहेरून कुणीतरी सांगितलं की तयारी झाली, आता उचलू या. आबांनी तिकडे पाहिलंच नाही. उठून टेबलाशी गेले, पुढची फ्रिक्वेन्सी लावली आणि परत येऊन माझ्यापुढं तळहात धरला.

"अजून अकरा बाकी शेतस," ते म्हणाले.