मांजरपाटाचं विमान

बाजीराव माळवदे एअर फोर्समध्ये वीस वर्षं होते आणि त्या वीस वर्षांत एकदाही विमानात बसले नव्हते. जोधपूर, आग्रा, कानपूर, जिथे बदली झाली तिथे ते पत्र्याची ट्रंक घेऊन रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाने गेले. त्यांचं काम होतं विमानं शिवण्याचं. म्हणजे खरोखर शिवण्याचं, सुईदोऱ्याने. जुन्या विमानांचे पंख म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. ते फाटलं की माळवदेंना बोलावणं यायचं. हुद्द्याचं इंग्रजी नाव भारदस्त होतं. पण फलटणला शिवणयंत्रावर बसलेल्या वडिलांनी एकदा सगळं नीट समजून घेतलं आणि विचारलं, "मग घरच्याच दुकानात का नाही बसलास?"

आईबापांनी नाव बाजीराव ठेवलं आणि हातात आली सुई, हा विनोद ते स्वतःच सगळ्यांच्या आधी करून टाकत. दुसऱ्याने करण्यापेक्षा ते बरं.

शहात्तर साली निवृत्त होऊन ते वाशीला सिडकोच्या घरात राहायला आले, तेव्हा हा विनोद मात्र त्यांनी का कोण जाणे फलटणलाच ठेवला. वसाहत नवी, कुणी कुणाला ओळखत नव्हतं, जो तो आपला भूतकाळ थोडा इस्त्री करूनच आणत होता. दारावर पाटी लागली: बाजीराव माळवदे, भारतीय वायुसेना (निवृत्त). "विमान चालवायचात का हो?" असं कुणी विचारलं की ते आभाळाकडे बघून म्हणत, "विमानाची जबाबदारीच आमच्यावर असायची." यात खोटं काही नव्हतं. अशा वेळी आतल्या खोलीत सुमित्राबाई, म्हणजे त्यांची बायको, भांडी जरा जोरात आपटत.

पोटापाण्यासाठी ते वाशीजवळच्या पावणे गावी एमआयडीसीतल्या एका ताडपत्रीच्या कारखान्यात शिलाई खात्याचे सुपरवायझर झाले. सुई सुटली, हातात शिट्टी आली. वायुसेनेतला माणूस म्हणून मालकही त्यांना 'सर' म्हणत.

त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर त्यांच्याकडे निवृत्त विंग कमांडर नंदकिशोर दिघे आले. दिघेसाहेबांनी चार मित्रांच्या मदतीने एक जुनं टायगर मॉथ विमान मिळवलं होतं. दोन मजली पंखांचं, उघड्या बैठकीचं. स्वातंत्र्याच्या आसपासची कितीतरी मुलं याच विमानावर उडायला शिकली, आणि हे विमान कुठल्याशा शेडमध्ये कबुतरांच्या स्वाधीन होतं. इंजिन दुरुस्त झालं, लाकूड नवं बसलं. पण पंख शिवणारा काही मिळत नव्हता.

"जेट दुरुस्त करणारे पन्नास भेटले," दिघे म्हणाले, "सुई धरणारा एक नाही. तुम्ही शेवटचे, माळवदे. आणि आमच्याकडे एक रिवाज आहे. पंख ज्याने शिवले त्याने आधी विमानात बसायचं. चाचणी मी एकटा घेईन, पण त्यानंतरच्या पहिल्या उड्डाणात पुढची जागा त्याची. टाके घट्ट येतात त्याने."

बाजीरावांना रात्री झोप लागली नाही. वीस वर्षं ज्यासाठी आतल्या आत झुरलो ते असं दारात चालत यावं, याचं त्यांना अप्रूप वाटत होतं. सकाळी दूधवाल्याला सांगितलं, दुपारपर्यंत सोसायटीच्या सेक्रेटरीला, आणि संध्याकाळी त्यांच्या हे लक्षात आलं की आपण 'बसणार' न म्हणता 'उडवणार' असं काहीसं म्हणून गेलो आहोत. ती चूक दुरुस्त करायला ते दोनदा खाली उतरले आणि दोन्ही वेळा आणखीच चढवून सांगून वर आले.

चारही पंख ट्रकने पावण्याला आले. मालकाने मागची शेड रिकामी करून दिली. कापडाला दिघेसाहेब मोठ्या आदराने 'मॅडापोलम' म्हणत. सुमित्राबाईंनी तुकडा बोटांत चुरून बघितला आणि म्हणाल्या, "हा तर मांजरपाट. तुमच्या बंड्या याच्याच शिवते मी."

पंख शिवायला माणसं दोन लागतात. पंख उभा करायचा, एकाने अलीकडून हातभर लांबीची सुई आरपार घालायची, दुसऱ्याने पलीकडून ती परत पाठवायची, म्हणजे दोऱ्याचा वेढा लाकडी फासळीभोवती बसतो. मग अलीकडच्याने गाठ मारायची. दर तीन इंचांवर एक गाठ. एका पंखाला काही शे. या कामासाठी बाजीरावांनी गोजराला निवडलं. गोजरा पावणे गावचीच, चाळिशीची, खाडीतली जाळी विणण्यात हयात गेलेली. मासळी कमी झाली, शेताच्या जागी कारखाने आले, तेव्हा ती ताडपत्री शिवायला लागली होती. "पलीकडून सुई परत द्यायची, एवढंच तुझं काम," बाजीरावांनी समजावलं. ती मान हलवून उभी राहिली.

कापड चढवण्याआधी बाजीरावांनी खिशातून पेन्सिल काढली आणि चारही पंखांच्या आतल्या एकेका फासळीवर वळणदार अक्षरात लिहिलं: 'बाजीराव माळवदे यांनी शिवले, १९८३.'

"काय लिवलात?" गोजराने विचारलं.

"नाव. पुढे कधी कुणी पंख उघडला, तर काम कुणाचं ते कळायला हवं."

"बराबर हाय," ती म्हणाली.

एकही टाका घालायच्या आधी सही करणारा कारागीर जगात मी एकटाच असेन, असं बाजीराव पुढे स्वतःच सांगत. त्या दिवशी मात्र त्यांना ते फार शोभून दिसलं होतं.

पहिल्या पंखाच्या गाठी त्यांनी मारल्या. गोजरा पलीकडून सुई देत होती आणि मधूनच वाकून बघत होती. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सायेब, ही गाठ सरकते. जाल्यात अशी मारली तं मासा हसंल."

"ही एअर फोर्सची गाठ आहे, बाई. मासळीची नाही."

दुसऱ्या पंखापर्यंत त्यांच्या अंगठ्याला फोड आले. सात वर्षं शिट्टी वाजवून हात मऊ पडले होते. म्हणून फोड बरे होईपर्यंत गोजरा अलीकडे आली आणि बाजीराव पलीकडे गेले.

जुहूच्या विमानतळावरून विमानांचा परवानाधारक इंजिनियर तपासायला आला. त्याने पहिल्या पंखावरची एक गाठ नखाने ढकलली. ती सरकली. दुसरी ढकलली, तीही सरकली. मग तो दुसऱ्या पंखाकडे वळला. दहा गाठी बघितल्या, वीस बघितल्या आणि म्हणाला, "हा उत्तम. पहिल्याच्या सगळ्या गाठी कापा. शेवटचा उलटा वेढा राहिलाय प्रत्येक गाठीत. तुम्ही विसरलात की काय, माळवदे?"

ते खरोखर विसरले होते. वीस वर्षं जी गाठ झोपेतही मारली असती तिचा शेवटचा वेढा सात वर्षांत हातातून निघून गेला होता, आणि गोजराने तो कुणी न शिकवता, नुसती गाठ सरकते म्हणून, आपल्या मनाने घातला होता. बाजीरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिल्या पंखाच्या गाठी त्यांनीच कापल्या. नव्या गोजराने मारल्या. उरलेल्या दोन पंखांच्या गाठीही तिनेच मारल्या. बाजीराव दीड महिना पलीकडून सुई परत देत राहिले. आत पेन्सिलीने त्यांचं नाव होतं, आणि वरून कापड घट्ट शिवलेलं होतं. खोडायला जायला वाट नव्हती.

फेब्रुवारीत विमान जुहूला उभं राहिलं. चाचणी निर्वेध झाली. रविवारी सकाळी साडेनऊला दुसरं उड्डाण: मुलुंडवरून खाडी ओलांडायची, ऐरोली, पावणे, वाशीवर एक घिरटी, आणि परत. वाशीत सगळी सोसायटी गच्चीवर जमणार होती. सेक्रेटरीने हारसुद्धा आणून ठेवला होता.

बाजीराव गोजराला घेऊन जुहूला गेले. तिलाही बघायला मिळावं, एवढाच विचार. त्यांना कातडी टोपी दिली, चष्मा दिला, पुढच्या बैठकीत बसवून पट्टे आवळले. मागच्या बैठकीत दिघेसाहेब चढायच्या बेतात होते. बाजीरावांनी छाती भरून श्वास घेतला आणि शेजारी बघितलं, तर हाताच्या अंतरावर पंख होता. रंगाखाली एकेक गाठ बारीक उंचवट्यासारखी दिसत होती. तीन इंचांवर एक, रेषेत, एकही इकडेतिकडे नाही. सगळ्या गोजराच्या.

त्यांना फार वाईट वाटलं. खरं सांगायचं तर भीतीही वाटली, कारण पट्टे आवळल्यावर विमान एकाएकी फारच मांजरपाटाचं दिसायला लागलं होतं. त्यांनी पुढे जे केलं त्यात न्याय किती आणि घाबरटपणा किती, याचा हिशोब त्यांना कधीच लागला नाही. त्यांनी पट्टे सोडले आणि दिघेसाहेबांना म्हणाले, "रिवाजाप्रमाणे ही जागा माझी नाही. गाठी हिच्या आहेत." मग खाली उभ्या असलेल्या गोजराला विचारलं, "बसतेस का?"

ती निदान तीनदा 'नको नको' म्हणेल, मग आपण आग्रह करू, मग ती अगदीच नाही म्हणाली तर काय, बसू आपणच, असं त्यांच्या मनात कुठेतरी होतं.

"बसते की," गोजरा म्हणाली. नऊवारीचा काष्टा आवळला, चपला काढून बाजीरावांच्या हातात दिल्या आणि वर चढली.

"गच्चीवर लोक असतील, हात हलव," एवढंच ते म्हणू शकले. विमान धावलं, उचललं आणि लहान होत गेलं. बाजीराव धावपट्टीच्या कडेला तिच्या चपला घेऊन उभे होते. डोळ्यांत पाणी आलं, ते धुळीमुळे नव्हतं.

ते बसने घरी पोचले तेव्हा सोसायटीने त्यांना हार घातला. काय हात हलवलात, अगदी राजासारखा, असं सेक्रेटरी म्हणाले. "तो हात माझा नव्हता," बाजीरावांनी सांगितलं, "आमच्या कारखान्यातली गोजरा होती. मी नुसती सुई परत द्यायचो. चालवणं तर सोडाच, मी कधी विमानात बसलेलोही नाही." वाशीला आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी पूर्ण खरं सांगितलं, आणि कुणीही विश्वास ठेवला नाही. एवढा मोठा माणूस आणि किती विनय, असं म्हणून लोकांनी त्यांना सोसायटीचं अध्यक्ष केलं.

सुमित्राबाई तेवढ्या म्हणाल्या, "मला वर बघितल्याबरोबर कळलं तुम्ही नाही ते. तुम्ही असतात तर दोन्ही हातांनी धरून बसला असतात."

पंखाचं कापड काही जन्मभर टिकत नाही. एकोणनव्वद साली ते उतरवायची वेळ आली आणि चार पंख पुन्हा पावण्याच्या शेडमध्ये आले. बाजीराव नोकरीतून मोकळे झाले होते, पण दिघेसाहेबांनी त्यांना आणि गोजरालाच बोलावलं. मधल्या सहा वर्षांत बाजीरावांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती: नाव आपलं राहिलं खरं, पण जागा आपण तिला दिली. मन मोठं केलं. ही आठवण ते अधूनमधून काढून, पुसून परत ठेवत.

त्यांनी ब्लेडने पहिल्या पंखाचं कापड कापलं. फासळीवर त्यांचं नाव तसंच होतं. आणि नावाला लागूनच फासळीवर एक लाल दोरा करकचून बांधलेला होता, तीन गाठी आणि बोटभर शेपूट. दुसरा पंख उघडला. तिथेही लाल दोरा. चारही पंखांत.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"माजी खून," गोजरा म्हणाली. "आमी जाल्याला बांदतो. खाडीत धा जनांची जाली पडतात, मालकाची खून नको? तुमी नाव लिवलात, दुपारी तुमी जेवाला गेलात तवा मी खून बांदली."

"म्हणजे तू एकही गाठ मारायच्या आधी?"

"मंग? तुमीपन तवाच लिवलात ना."

बाजीराव स्टुलावर बसले. "सांगितलं का नाहीस कधी?"

"तुमी कवा इचारलात?"

थोड्या वेळाने त्यांनी जरा चाचरतच विचारलं, "आणि जुहूला मी पट्टे सोडले, तुला जागा दिली, तेव्हा तुला काय वाटलं?"

गोजराने दोऱ्याला मेण लावायचं थांबवलं आणि त्यांच्याकडे नवलाने बघितलं. "मना वाटला, माज्यासाठीच जागा धरून बसलाव."

बाजीराव इतके हसले की शेडमधले दोघं-तिघं बघायला आले. मग त्यांनी चारही फासळ्यांवरचं आपलं जुनं नाव खरवडून काढलं. गोजराने नवा लाल दोरा बांधला, आणि त्याच्याखाली बाजीरावांनी बारीक अक्षरात लिहिलं: 'पलीकडून सुई परत देणारा, बा. माळवदे.'

डिसेंबरात विमान पुन्हा तयार झालं, तेव्हा जुहूला गोजरा आधी चढून बसली. दिघेसाहेब तिला पट्टे आवळायला वाकले, तर ती उठून खाली उतरली. "या येला जागा मी धरली व्हती," ती बाजीरावांना म्हणाली. "बसा. मी बगून आले, वर काय नाय, नुसता वारा हाय." आणि तिने त्यांच्या चपलांसाठी हात पुढे केला.

बाजीराव सत्तावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा उडाले. खाडी दिसली, पावण्याची पत्र्याची छपरं दिसली, मग वाशी आली. या खेपेला त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, एका सुमित्राबाईंना सोडून. गच्चीवर त्या एकट्याच उभ्या होत्या, पदर डोक्यावर घेतलेल्या, आणि हात हलवत होत्या. बाजीरावांनाही हात हलवायचा होता. पण दोन्ही हातांनी बैठकीचा काठ घट्ट धरला होता आणि घिरटी संपेपर्यंत त्यातला एकही हात सुटला नाही.