बजेटमधली दुर्बीण आणि ताईच्या हातातली चप्पल

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तसा तो वॉरंटी कार्डावरही नाही, पण ते मी निदान वाचतो. पेणला गणपतीच्या कारखान्यांना रंग पुरवायचा माझा धंदा आहे. देवाला रंग लागायच्या आधी रोज बघणाऱ्या माणसाची श्रद्धा जरा कोरडीच असते. तेव्हा खालची हकीकत वाचून कुणी गंडेदोरे सुचवू नयेत. डोळेही तपासून झालेत.

माझी थोरली बहीण रोहा-कोलाड रस्त्यालगतच्या एका गावात दिलीय. भात निघालं की तिच्याकडे वाल लावतात, आणि वालाला शेंग धरली की डोंगरातून रानडुकरं उतरतात. खातात थोडं, उकरतात सगळं. या वर्षीही वाल गेला तर शेत दुसऱ्याला कसायला देऊन कंपनीत शिफ्टला जायचं, असं भाऊजींनी ठरवलं होतं. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी वन खात्याची रीतसर परवानगी काढली आणि परवान्याची बंदूक असलेले एक नाना गाठले.

नानांनी कळवलं, दुर्बीण पाहिजे. ते काम माझ्याकडे आलं.

"दिनू, तू वाचतोस-बिचतोस. तूच घे," भाऊजी म्हणाले. "पन बेतात घे रे."

इथून माझा छळ सुरू झाला. दुर्बिणीवर दोन आकडे असतात. पहिला, किती पट मोठं दिसतं. दुसरा, पुढच्या काचेचा व्यास. संधिप्रकाशात दुसराच कामाचा, कारण काच मोठी तर उजेड जास्त. पहिला फार वाढवला तर डुकराऐवजी आपल्याच हाताची थरथर मोठी दिसते. एवढं मला महिनाभर वाचून कळलं. दुकानदारांना ते कळून घ्यायचं नव्हतं.

"साहेब, हिच्यातून चंद्रावरचे खड्डे दिसतात."

"मला वालातलं डुक्कर बघायचंय."

"डुक्कर तर काय... दिसेलच."

शेवटी ऑनलाइन मागवली. आकडे अगदी हवे ते, किंमत भाऊजींच्या बेतातली. ही दोन्ही सुखं एका खोक्यात येत नाहीत, हे मला कळायला हवं होतं. एका नळीत धुकं, दुसरीत सगळं जोडीनं. गच्चीवरून बघितलं तर समोरच्या एका टाकीच्या दोन टाक्या. तक्रार केली तर उत्तर आलं, कृपया डोळे जुळवून पाहा. पुढची झाकणंही सैल, सारखी गळून पडायची. हरवू नयेत म्हणून मी ती वायरिंगच्या काळ्या टेपनं गच्च गुंडाळून टाकली आणि एसटीत बसलो.

नाना आधीच आले होते. लष्करी छापाचं जाकीट, गळ्यात कसलीशी नखं (प्लॅस्टिकची, मी जवळून बघितली). आल्या आल्या त्यांनी ताईला फर्मावलं, "शिकार झाली की पोपटी झालीच पाहिजे." पोपटी म्हणजे वालाच्या शेंगा मडक्यात घालून शेतातच जाळावर भाजायच्या. मडक्यात खाली-वर भांबुर्डीचा पाला हवाच, त्याशिवाय ती पोपटी नाही.

दिवस कलल्यावर आम्ही तिघे राखणीच्या माळ्यावर चढलो. नाना आजोबांच्या वाघाची गोष्ट सांगत होते. वाघ दर वाक्याला वाढत होता. उजेड जवळजवळ गेला, तेवढ्यात भाऊजींनी माझा दंड दाबला.

शेताच्या पलीकडच्या कडेला, बांधाशी, काळं काहीतरी हलत होतं. बुटकं, खाली मान घालून उकरणारं. मलाही डुक्करच दिसलं, शपथेवर सांगतो. नानांनी बंदूक खांद्याला लावली. मी घाईघाईत पिशवीतून दुर्बीण काढून डोळ्यांना लावली.

ताई दिसली.

धुकं नाही, जोडी नाही. डोक्यावरून घेतलेली काळी शाल, पदराच्या ओटीत पाला, आणि डाव्या हातात अंगठा तुटलेली चप्पल. ती दुर्बीण इतकं स्वच्छ दाखवत होती, तिथेच मला संशय यायला हवा होता.

"थांबा. ताई आहे ती."

"गप," नाना कुजबुजले. "डुक्कर हाय."

"हातात चप्पल आहे तिच्या."

"डुकराच्या हातात चप्पल?"

मी बंदुकीची नळी धरून वर ढकलली. नाना मला काय म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही. भाऊजींनी हाक मारली, तेव्हा ते काळं उभं राहिलं, कमरेवर हात ठेवला आणि ओरडलं, "काय हाय? पाला नको का तुमच्या पोपटीला?"

भाऊजी माळ्यावरून उतरले नाहीत, घसरले.

"तुला घरात बस सांगितलं व्हतं ना गो?"

"अंधार पडल्यावर माळ्यावर बसनार म्हनालात. अंधार कुटं पडलाय? आनी ही बघा, चप्पल तुटली ती येगळीच."



पोपटी लागली. बसून राहण्यापेक्षा बरं म्हणून. जाळाच्या उजेडात भाऊजींनी दुर्बीण हातात घेतली. उलटसुलट केली. मग माझ्याकडे बघितलं.

"दिनू, हिची झाकनं काढलीस कधी?"

काढलीच नव्हती. टेप होती तशी होती, पेणला गुंडाळलेली, वेढ्यावर वेढा. ती नखानं निघेना, भाऊजींनी कोयत्याच्या टोकानं कापली.

नाना आता गावभर सांगतात की बाई आहे हे त्यांनीच आधी ओळखलं. परत त्यांना बोलावलं नाही. वालाचा निम्मा भाग त्याच आठवड्यात डुकरांनी उकरला. उरलेला भाऊजी रात्री डबा बडवत राखतात. शिफ्टचं अजून ठरत नाही.

मी प्रयोग करून पाहिले. झाकणं लावून बघितलं तर काळोख. काढून बघितलं तर धुकं आणि दोन टाक्या. अंदाजानं बोललो असेन म्हणावं, तर चपलेचं काय? माळ्यावरून त्या उजेडात माणूस ओळखू येत नव्हता. भाऊजी डॉक्टरांना विचार म्हणतात, गावचा गुरव देवाला कौल लावा म्हणतो. दोघांचीही उत्तरं मला ऐकण्याआधीच माहीत आहेत आणि दोन्ही पटणार नाहीत... याचाच जास्त वैताग येतो.

दुर्बीण बदलून द्यायला कंपनी आता तयार झालीय. ताई म्हणते, देऊ नको. मीही दिली नाही. मोबाइलवर रोज विचारणा येते, वस्तू कशी वाटली, तारे द्या.

मी रोज ते उघडतो, ताईला फोन करतो, आणि न देताच बंद करतो.