केबल मोजता मोजता

चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला "केबल किती एमएमची हाये?" असं कुणी विचारू नये. वायरमननं फोनवर विचारलं. कंपाउंडला चार दिवे लावायला तो संध्याकाळी येणार होता. ठाऊक नाही, असं सरळ म्हणायचं सोडून मी म्हणालो, "या तर, मोजून ठेवतो."

मुकुंदवाडीत घर बांधलं तेव्हाच मीटरपासून गेटच्या खांबापर्यंत जमिनीतून केबल टाकलेली. तिच्यावरची छपाई उन्हानं केव्हाच उडाली होती. खांबापाशी टोक तेवढं हातभर वर आलेलं. बायकोनं सकाळीच बजावलं होतं, "केबल कसलीबी असू द्या, माझ्या गट्टूंना हात लावायचा नाय." बरोबरच होतं तिचं. वीस पावसाळे तिनं अंगणातला चिखल तुडवला, तेव्हा कुठं मागच्या महिन्यात फरशीसारखे सिमेंटचे गट्टू बसले. दिवसातून दोनदा झाडायची ती ते. तिचं ते कौतुक बघून मलाही लई बरं वाटायचं.

मेन स्विच बंद केला, केबलीच्या आतल्या एका वायरीला पट्टी लावली आणि जाहीर केलं, "चार एमएम!"

शेजारचे भाई भिंतीवरून बघत होते. कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेला माणूस. घरी जाडी मोजायचा व्हर्निअर मखमलीत गुंडाळून ठेवतो. "क्या मास्तर, कोट के ऊपर से छाती नापते क्या? अंदर का तांबा नापो!"

झोंबलं मला. अडकित्ता आणून आवरण सोललं. तारा मोजल्या, चौतीस. भाई व्हर्निअर घेऊन आले, त्यांनी मोजल्या, पस्तीस. बघतो तर दोन-तीन तारा अडकित्त्यातच तुटलेल्या. चार बोटं केबल छाटली, नवं टोक सोललं. माझ्या छत्तीस, भाईंच्या सदतीस.

"गिनती हमकू नक्को सिखाव!"

"अहो, अर्ध्या गल्लीला पाढे मी शिकवलेत!"

भांडणात तारा गुंतल्या. छाटा! मग ऐन तिसाव्या तारेला भाईंना शिंक आली. पुन्हा छाटा! शेवटी एक तुकडाच कापून त्यातली एकेक तार ताटात मांडली. छत्तीस! दोघांच्याही छत्तीसच. एका तारेची जाडी व्हर्निअरवर शून्य पूर्णांक तीन. मी उभ्या उभ्या छत्तीस तारांच्या छेदाचं क्षेत्रफळ काढलं आणि उत्तर आलं अडीच चौरस एमएम. आम्ही दोघं म्हातारे अंगणात गळ्यात गळा घालून नाचलो.

वायरमन आला. "सर, चार एलईडीला दीड काय अन् अडीच काय, कोणतीबी चालती. मी आपलं सहज इचारलं." मग तो खाली वाकला. "पण केबल कुठं गेली?"

दोन बोटं उरली होती.

"खांबावरच्या जोडणीच्या डबीपर्यंत पोचत नाय ही. गट्टूखाली जॉइंट केला तर पावसात गेट करंट मारंल. हितले गट्टू काढून आतली सैल केबल वर वढावी लागंल."

भाई व्हर्निअरसकट कधी पसार झाले, कळलंच नाही. बायको घरातून पहार घेऊन आली आणि ती तिनं माझ्या हातात दिली. "वायरमन नाय. तुम्ही काढा."

पहिला गट्टू निघाला, तसं तिनं तोंड फिरवलं. "चुकलं माझं," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली. "ते न मोजताच दिसतंय."