रूथआजींची प्रार्थना आणि माझा रस्सा

माझ्या मुलीची सोयरीक देवाने जुळवली होती. ती मोडायचं काम मी अंगावर घेतलं.

मुलगी मयूरी. मुलगा रुबेन, खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलेला, इतका सभ्य की माझे विनोद दुसऱ्यांदा ऐकूनही हसायचा. आम्ही कोष्टी, ते ख्रिस्ती. दोन्ही घरांतली रडारड आटोपली होती आणि आता सगळ्यांना पंगतीची घाई होती. रुबेनच्या आजीने, म्हणजे रूथआजींनी, एकच अट घातली. साखरपुड्याला अंगठी घालण्याआधी दोन्ही घरांनी उभं राहून प्रभूची प्रार्थना म्हणायची. अख्खी.

"एवढंच ना? मीच शिकवतो सगळ्यांना," मी बोलून गेलो. "मिशनच्या शाळेत शिकलो मी. झोपेतसुद्धा म्हणतो."

(हे मात्र खरं. शाळेच्या मैदानात, मे महिन्याला लाजवेल अशा मार्चच्या उन्हात, आम्ही ती एका श्वासात म्हणायचो. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणून गाडी सुटली की थेट 'आमेन'लाच थांबायची. मधली स्टेशनं कोणी पाहिलीच नव्हती.)

घरी तालीम सुरू झाली. पहिल्याच दिवशी माझ्या थोरल्या बहिणीने, शांताक्काने, टाळ्या धरल्या.

"अक्का, टाळ्या नाही वाजवाच्या."

"मंग देवाले कसं समजन, आपण सुरू केलं म्हून?"

दुसऱ्या दिवशी तिने कापूर लावला. तिसऱ्या दिवशी 'आमेन' जमिनीवर पडायच्या आत पुढची आरती उचलली. आमच्या घरात एक आरती संपली आणि दुसरी सुरू झाली नाही, तर शेजारी विचारायला येतात, सगळं ठीक आहे ना?

माझी बायको शोभा मात्र शब्द ऐकत होती. "'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे.' भाकरच मांगतात, बंगला नाही. बरे लोकं दिसतात." मग, "अन् हे पुढचं, आम्ही जशी दुसऱ्यांले क्षमा केली, तशी आम्हाले कर. हे कोणाबद्दल म्हून राहिले?"

"ते जनरल आहे," मी म्हणालो.

ते जनरल नव्हतं. ते वसंताबद्दल होतं. वसंता म्हणजे शोभाचा भाऊ, माझा सख्खा साळा. हुडकेश्वरला आमच्या वास्तुशांतीनंतरच्या पंगतीत, चारशे माणसांसमोर (शोभा चाळीस म्हणते), त्याने माझ्या सावजी रश्शाचा भुरका मारून म्हटलं होतं, "भाऊजी, पाणचट झाला. लेकराले बाटलीनं पाजता येईन." ज्याच्या तिखटाने पाहुण्याला घाम फुटतो, त्या कोष्ट्याच्या रश्शाला पाणचट! त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. अगदीच गरज पडली तर शोभामार्फत. तो समोर बसलेला असायचा आणि मी म्हणायचो, "शोभा, तुझ्या भावाले सांग, पंखा बंद कर."

साखरपुडा आमच्या अंगणात होता. रस्सा अर्थातच मी केला होता. पहाटेपासून खपून, वसंता ऐकेल इतक्या मोठ्याने पाटा वाजवून.

दुपारी सगळे उभे राहिले. अंगठी रूथआजींच्या मुठीत. शांताक्काचे दोन्ही हात तिच्या सुनेने धरून ठेवलेले. मी गाडी सोडली. पिता गेला, राज्य गेलं, भाकर गेली, क्षमेची ओळही भरधाव निघाली आणि आजींनी हात वर केला.

"थांबा. आमच्या घरी इथं थांबतात."

"का बरं?"

"ज्याचं कोणाशी वाकडं असन, त्यानं मिटवून घ्यावं. मंग पुढं."

मी मांडवाचे बांबू पाहू लागलो. वसंता आपल्या चपला. मयूरीने मात्र सरळ माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्यामुळे बाकी सगळ्यांनी.

"जा नं," शोभा दातांतून म्हणाली.

"शोभा, तुझ्या भावाले सांग, मी माफ केलं म्हून."

"मधात दलाल नाही चालत," आजी म्हणाल्या.

गेलो. "वसंता, माफ केलं तुले."

"मी कधी मांगतली होती?" वसंता म्हणाला. "रस्सा पाणचट होता तं होता."

आजींची मूठ अंगठीवर घट्ट झाली. "प्रार्थना अर्धी ठेवून मी अंगठी देत नाही, बापा. भांडण कशावरून आहे?"

अंगणातल्या सगळ्यांनी एकदम सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग आणा वाटी."

वाटी आली. मयूरीचा जीव त्या वाटीत, माझी इज्जत तिच्या तर्रीवर तरंगत. वसंताने ऐटीत मोठा भुरका मारला. क्षणभर काही नाही. मग त्याचे कान लाल झाले. मग टक्कल. डोळे भरले, नाक वाहिलं, तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्याने दोन्ही हात जोडले. (त्याला पाणी हवं होतं. मी माफी म्हणून घेतली.) मी त्याला कडकडून मिठी मारली.

"मिटलं," आजी म्हणाल्या. "पुढं म्हणा."

पुढची ओळ होती 'आम्हाला परीक्षेत आणू नको, वाइटापासून सोडव.' ती सगळ्यांत कळवळून वसंताने म्हटली. कॉलनीतल्या मंडळींनी नंतर विचारलंसुद्धा, हे भाऊ कोणत्या चर्चमध्ये जातात? अंगठी घातली गेली, मयूरी रडत हसली, शांताक्काचे हात सुटले आणि तिने पोटभर टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी भांडी आवरताना मी शोभाला म्हटलं, "पाह्यलं? तुझ्या भावाले आज समजलं, सावजी रस्सा काय चीज असते."

"हो," ती कढई घासत म्हणाली. "तुम्ही सकाळी अंघोळीले गेले, तवा मी चाखला. मले पोरीची काळजी होती, भर मांडवात तुमचं दोघायचं पुन्हा भांडण नको. भिवापुरी मिरच्याचं सगळं तिखट ओतलं त्याच्यात."

"काहून?"

"पाणचट होता."

आता दर रविवारी जावई जेवायला येतो आणि आम्ही सगळे उभे राहून प्रार्थना म्हणतो. आजींच्या रीतीप्रमाणे क्षमेच्या ओळीवर थांबतो. शोभा माझ्याकडे पाहते, मी बांबू नसल्यामुळे पंख्याकडे पाहतो. माझं 'आमेन' अजून व्हायचं आहे.