पोचल्याचा फोन
कुस्करलेल्या झेंडूचा वास आला की मी अस्वस्थ होतो. रांजणगावहून शिफ्ट सुटून येताना थोरला भाऊ अपघातात गेला, तेव्हापासून वहिनी माझ्याशी बोलत नव्हती. मीही त्याच रस्त्यानं कामाला जात होतो. एका दुपारी आई आणि ती झेंडूच्या माळा ओवत होत्या आणि मी त्यांना दिवाळी अंकातली कथा वाचून दाखवत होतो. कथेतली बाई मूल गेल्यावर सख्ख्या बहिणीलाही दारातून परत पाठवते. “कसली दगडाची बाई गं!” आई म्हणाली. वहिनीच्या मुठीत हातातलं फूल कुस्करलं गेलं. “दगडाची न्हाई, आत्या. जीव लावला की मानूस जातं, आसं भ्या बसलंय तिला.” मी शिफ्टला निघालो, तशी ती गाडीपर्यंत धावत आली. “भावजी, पोचल्यावर फोन करा.” अजून करतो, आणि तिचा ‘हं’ ऐकेपर्यंत माझाच जीव थाऱ्यावर नसतो.