सत्तेचाळीस नंबरचा नेचा

दुपारचं जेवण आटोपून शलाका नेरूरकर अभयारण्यातल्या विश्रामगृहात नेच्याचे वाळलेले नमुने कागदावर चिकटवत बसली आहे. बाहेर पाऊस लागून राहिलेला. सत्तेचाळीस नंबरच्या कागदाशी, 'जागा'च्या कोऱ्या रकान्यावर तिचा हात रेंगाळतो, डोळे जड होतात, आणि डोकं आपसूक टेबलाला टेकतं.

"जागा लिवली न्हाई अजून?"

समोर भिकाजीमामा उभे आहेत. धनगरवाड्यावरचे भिकाजी येडगे. तीन वर्षं त्यांनीच तिला हे जंगल दाखवलं. चैत्रात ते गेले, हे तिला चांगलं ठाऊक आहे. पण त्यांचं घोंगडं निथळताना बघून ती आधी खुर्ची पुढे सरकवते. ते बसत नाहीत.

"मामा, हा नेचा कुठला? विचारायचं राहूनच गेलं."

"चला, दावतो."

दार उघडतं ते थेट सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळ-पठारावर. गुरं ज्याला तोंड लावत नाहीत तो नेचा पुरुषभर माजलाय. पानं सारत ती चालते, तर पानांमागे तिच्या कॉलेजची, नमुने ठेवायची लोखंडी कपाटं लागतात. खणाखणातून कोंब वर आलेत. मामा एक खण ओढतात. आत सत्तेचाळीस नंबरची, तिच्या अक्षरातली चिठ्ठी.

"वाचा की."

"संकलन : शलाका नेरूरकर."

"ह्यो नेचा आणला तवा तर तुमी तापानं खोलीत पडून हुतासा, ताई. म्या एकलाच गेलतो."

"चुकून झालं, मामा."

"चुकून?" मामा हसतात. त्या हसण्यात राग नाही, म्हणूनच तिला तोंड वर करवत नाही.

"नाही. मुद्दाम लिहिलं. या जातीची इथली पहिलीच नोंद होती. माझ्या नावावर हवी होती."

"हां." ते खण लोटतात. "गव्यांच्या पाणवठ्याच्या वरल्या अंगाला जळका हिरडा हाय. त्येच्या बुडाशी. जातो आता, म्हसरं सुटल्यात."

शलाका डोकं वर उचलते. गालावर टेबलाची कड उमटली आहे. सत्तेचाळीस नंबरच्या कागदावर 'संकलन'पुढचं आपलं नाव खोडून ती 'भिकाजी येडगे' लिहिते. जागेचा रकाना मात्र कोराच ठेवते. पाऊस उघडला की जाऊन हिरडा स्वतः बघायचा, मगच लिहायचं.

कागद उचलताना त्याखालून काहीतरी घरंगळतं. नेच्याचा देठ. तिचे सगळे नमुने केव्हाच वाळून खडखडीत झालेत. हा हिरवागार आहे, मामा छाटायचे तसा कोयत्यानं तिरका छाटलेला. ती कापावर बोट टेकवते. बोटाला रस लागतो.