पहारेकरी आणि नावाडी

मी चौथी नापास आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागनं कुणी तोंड वाकडं करायला नको. पण मोठ्यानं वाचण्यात मला आजवर कुणी हरवलेलं नाही. ओळीखाली बोट धरून वाचायचो, अडलो की थांबायचो, पण शब्द गाळायचो नाही. कल्याणला आमच्या कारखान्यात संप झाला तेव्हा गेटसमोरच्या मांडवात वाचायचं काम माझ्याकडे आलं ते त्यामुळंच. संपाचा पुढारी चांगला शिकलेला होता, पण तो वाचायला बसला की माणसं झोपायची.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झालेली. कापड रंगवायचा कारखाना होता. मी आणि माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, दोघंही रंगखात्यात. दाजींनीच मला गावाकडनं आणून चिकटवलेलं. राहायला त्यांच्याच खोलीत, जेवायला आक्काच्या हातचं. संपाच्या पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी बेलभंडारा उचललेला. गेटच्या आत जाणार नाही. जो जाईल तो आपला नाही.

पण शपथ घेऊन पोट भरत नाही. होळी होऊन गेली, ऊन तापलं, वाण्यांनी उधारी बंद केली. कारखान्याचं धान्याचं दुकान होतं, ते मालकानं पहिल्याच दिवशी कुलूप लावून ठेवलेलं. दिवसभर मांडवात बसून माणसं एकमेकांची तोंडं बघायची आणि नको ते बोलायची. म्हणून मी ठाण्याला खोपटच्या बाजूला एक वाचनालय होतं तिथनं जादूच्या किल्ल्याची पुस्तकं आणायला लागलो. एका गोष्टीचे पुष्कळ भाग. राजपुत्र, जादूगार, सात तटांचा किल्ला, उडते घोडे.

राजपुत्राचं कुणाला काही वाटायचं नाही. तो विहिरीत पडला तरी माणसं विड्या ओढत बसायची.

"मरत नाय तो," एकजण म्हणायचा. "अजून एवढे भाग बाकी हायेत, मरेल कसा?"

आमचा जीव अडकायचा तो दोन-चार पानांपुरत्या येणाऱ्या माणसांत. त्यांचा काही भरवसा नसायचा. त्यातले दोघे मांडवात फार गाजले. एक किल्ल्याचा पहारेकरी. जादूगारानं किल्ल्याला वेढा घातलेला, आत खायला दाणा नाही, आणि ह्यानं एका पोत्याच्या मोबदल्यात चौथं दार उघडलं. पोतं घरी नेऊन सोडलं तर आत वाळू. दुसरा नावाडी. जादूगाराची फौज काळ्या नदीपलीकडे न्यायला ह्यानं नकार दिला, वल्हं मोडून टाकलं, आणि जादूगारानं त्याला नदीच्या मध्यात दगड करून उभा केला.

मी नावाड्याच्या बाजूचा. त्यात विचार कसला करायचा? सगळा मांडव नावाड्याच्या बाजूचा. एकटे दाजी म्हणाले, "पहारेकऱ्याची लेकरं उपाशी होती, ते वाचलंस ना तू? परत वाच."

मी परत वाचलं. एकच ओळ होती.

"मग?" दाजी म्हणाले.

"मग काय? लेकरं सगळ्यांनाच असतात."

"नावाड्याला कुठं होती?"

वाद चांगलाच रंगला. रंगखात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, म्हातारा होता, गावाकडे त्यांच्या घरात पंचकी चालत आलेली. तो म्हणाला, "असं भांडत काय बसता? पंच बसवू. रीतसर होऊन जाऊ दे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कितीतरी दिवसांनी मांडवात हसू आलेलं. पाच पंच बसले, पहारेकऱ्याचा गुन्हा वाचला, त्याची बाजू कोण मांडणार विचारलं. दाजी उठले नाहीत, पण सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"दाजी पहारेकऱ्याचे साडू दिसतात!" कुणीतरी ओरडलं.

"बायकोला विचारून सांगतो," दाजी म्हणाले आणि तेही हसले.

मग निकाल. पहारेकरी वाळीत. त्याच्या घरी पाणी प्यायचं नाही, त्याच्या पोरी करायच्या नाहीत, मयताला जायचं नाही. पटलं असेल त्यांनी हात वर करा. मीही हात वर केला. आजही करीन. दाजींचे हात मांडीवर होते तिथंच राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरीला घरी गेलो. आक्कानं माझ्यापुढं अर्धी भाकरी ठेवली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "हा पहारेकरी कोण रे?"

"पुस्तकातला आहे. का?"

"काल आल्यापास्नं ह्यांच्या तोंडात तोच. मला विचारत होते, आपल्याला वाळीत टाकलं तर तुझा भाऊ येईल का गं दारात?"

मॅनेजरचा निरोप कालपासनंच फिरत होता. जो आत येईल त्याला कारखान्याचं धान्याचं दुकान उघडं. दाजींच्या धाकट्या पोरीला ताप होता, तिला कण्या तरी पाहिजे होत्या, आणि डबे मी बघितलेले, त्यांत बोट फिरवलं तरी काही लागत नव्हतं.

पंचांनी सगळ्यांसमोर दिलेला निकाल. तो मागं घ्यायला काहीतरी आधार पाहिजे होता. मला एकच सुचलं. पुढचा भाग. पुढच्या भागात पहारेकरी परत आला असेल, राजपुत्रानं त्याला पोटाशी धरलं असेल, लढाईत कामी आला असेल. एवढं मिळालं की मी ते मांडवात वाचणार, जॉबर पंचांना परत बसवणार, आणि दाजींचा जीव मोकळा होणार. मी तसाच ठाण्याकडे निघालो, रुळांच्या कडेनं. डोंबिवली, दिवा, मुंब्र्याची खाडी, पारशिकचा डोंगर. चपलेचा अंगठा तुटला, चप्पल हातात घेऊन चाललो.

वाचनालयवाला मला बघून म्हणाला, "अहो, काय झालं? बसा, पाणी घ्या."

"पुढचा भाग द्या."

पुस्तक होतं. मी तिथंच दारात उभा राहून चाळायला लागलो. जिथं जिथं किल्ला आला तिथं बोट ठेवलं. नावाड्याला आख्खं प्रकरण होतं. राजपुत्र होडीतनं त्या दगडापर्यंत जातो, फुलं वाहतो, रडतो. पहारेकऱ्याला शोधत शोधत शेवटच्या पानावर आलो. परत पहिल्यापासनं बघितलं. मधे एका ठिकाणी लिहिलेलं, किल्ल्याच्या दारांवर आता नवे पहारेकरी उभे होते. संपलं. लिहिणाऱ्यानंही त्याला वाळीत टाकलेलं.

येताना मुंब्र्याला खाडीकाठी बसलो. पुस्तकात नाही ते वाचलं तर कुणाला कळणार होतं? मांडवातली निम्मी माणसं अंगठेबहाद्दर. पुढाऱ्यानं हातात पुस्तक घेतलंच नसतं. मी मनात वाक्यंसुद्धा जुळवून बघितली. पण जमलं नाही. माझ्याजवळ दुसरं काय होतं? एवढंच होतं की हा वाचतो ते तसंच छापलेलं असतं.

सकाळी मांडवात बसलो आणि सगळं जसंच्या तसं वाचलं. नावाड्याच्या फुलांपाशी माणसांनी नाकं ओढली. नव्या पहारेकऱ्यांची ओळ आली आणि गेली. दाजी एवढंच म्हणाले, "थांब."

मी थांबलो.

"जुन्याचं काय झालं?"

"नाही दिलेलं."

"बायकोपोरांचं?"

"नाही, दाजी."

"बरं." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण न चिडता त्यांनी विचारलं, "तुझा तो नावाडी जेवायचा कुणाकडं रे?"

माझ्या पोटात काल दुपारची आक्काची अर्धी भाकरी होती.

दाजी उठले, टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि गेटकडे चालायला लागले. मी मागनं धावलो, दंड धरला. म्हटलं, "दाजी, नका. तुम्हाला माझी आण आहे. चार दिवस काढू. मी हमाली करतो, रेती उपसतो, काहीही करतो."

"पोरगी चार दिवस काढेल का?" ते म्हणाले. "सोड. लोक बघतायत, तुलाही त्यात धरतील."

मी सोडला नाही. त्यांनीच माझी बोटं एकेक करून सोडवली. दरवानानं छोटा दरवाजा उघडला आणि ते वाकून आत गेले. मागनं कुणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. जॉबरनं नुसतं दाजींच्या नावानं जमिनीवर पाणी ओतलं आणि तोंड फिरवलं.

मी त्या दिवशी घरी गेलो नाही. संध्याकाळी आक्काच आली. डोक्यावरनं पदर घट्ट ओढलेला, हातात गाठ मारलेलं फडकं. बाई माणूस मांडवात येत नसे. ती सरळ माझ्यापुढं येऊन बसली आणि गाठ सोडली. ज्वारीच्या दोन भाकरी, वर ठेचा. अजून ऊन होत्या.

"खा."

"पोरीचा ताप?"

"पेज प्यायली. झोपलीय. तू खा."

"आक्का, हे धान्य..."

"कुठलं ते मला विचारू नकोस. खा."

सगळे इकडेतिकडे बघत होते, म्हणजे माझ्याकडेच बघत होते. मी हात मागं बांधून बसलो.

"मी नाही खाणार."

"मी दगडाला नैवेद्य दाखवायला आले नाही रे," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "भावाला जेवू घालायला आलेय."

मी मान हलवली. ती उठली नाही. भाकरीवर माशा बसायला लागल्या, त्या ती पदरानं वारत राहिली. भाकरी गार झाली, कडा वाकड्या झाल्या. कधीतरी तिनं फडक्याची गाठ परत मारली, गुडघ्यावर हात ठेवून उठली, आणि कुणाकडे न बघता रस्त्याला लागली. ती वळणाआड गेली तरी मांडवात ठेच्याचा वास तसाच होता, आणि मी पुस्तक उघडलं, पण मला इतकी भूक लागलेली की डोळ्यांपुढं अक्षरं ठरेनात.